सुतळीवर बांधलेले झटके

त्या मुलीला तिसरी लस मी टोचली होती, म्हणून हे मीच लिहिलेलं बरं. गावात बरीच वर्षं एकच वाक्य चालायचं: नर्सबाईनं सुई देली अन् पोरगी आकडली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. एकीमुळे दुसरी झाली हे मात्र खरं नव्हतं. ते कळायला आम्हाला तीन वर्षं लागली, आणि ते शोधून काढण्यात माझा वाटा फार थोडा आहे. जिचा आहे ती चौथी शिकलेली बाई, त्या मुलीची आई.

मी तेव्हा साखरखेर्ड्याजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होते. चार गावं, एक जुनी मोपेड आणि लसींचा बर्फाचा डबा एवढा माझा संसार. बीटी कापूस येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. कोरडवाहू वावरांत जिकडे तिकडे तोच. ज्यांच्या विहिरीला पाणी होतं ते शेतकरी मात्र कंपन्यांसाठी बियाण्याचे प्लॉट घ्यायचे, आणि गावातल्या निम्म्या बायका हंगामाचे दोन महिने त्या प्लॉटवर कामाला जायच्या. कपाशीचं संकरित बी माणसाच्या हातानं तयार होतं हे पुष्कळांना माहीत नसतं. दुपारनंतर मादीच्या ओळीत उद्या उमलणारी कळी शोधायची. अंगठ्याच्या नखानं तिच्या आतले पिवळे पराग, म्हणजे नर, खुडून काढायचे. मधल्या दांडीला ओरखडा जाता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या दांडीवर फिरवायचं आणि देठाला दोरा बांधायचा. दोऱ्याचा रंग रोज वेगळा. पुढं बोंडं गळायला लागली की मुकादम दोरे बघून सांगायचा, ही मंगळवारची, ही बुधवारची. मंगळवारी तुमचे हात कुठं होते?

त्या मुलीची आई या कामात सगळ्यांच्या पुढं. वय पंचवीसच्या आत, बोलणं कमी, नखं कायम हिरवी-पिवळी. तिच्या हातची बोंडं सगळ्यांत कमी गळायची. गरोदर असताना सातव्या महिन्यापर्यंत ती प्लॉटवर होती.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. तिसरा डोस घ्यायला उशीर झाला, तेव्हा ती सहा महिन्यांची होती. सकाळी लस दिली. संध्याकाळी मुलीचा बाप धावत उपकेंद्रावर आला. मी गेले तेव्हा मुलीचं अंग तापलेलं होतं आणि डावा हात, डावा पाय सारखे झटके देत होते. उजवी बाजू शांत. मी ओल्या फडक्यानं अंग पुसत राहिले. जीप मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत झटका थांबला नाही. तिथं इंजेक्शन दिल्यावर थांबला.

पुढच्या लसीकरणाला माझ्याकडं तीनच लेकरं आली.

मुलीची आजी, म्हणजे या बाईची सासू, उंचीपुरी आणि तिखट तोंडाची. तिनं दोन आरोपी ठरवले. पहिली मी. दुसरी सून. "पोटात लेकरू अन् तू फुलायचे नर खुडत बसली," असं ती सुनेला चारचौघांत म्हणाली. नर-मादीच्या कामात माणसानं हात घालायचा नसतो, घातला की आपल्या पोटच्यावर येतं, असा तो सिद्धांत. प्लॉटवर रोज हेच काम करणाऱ्या बायकांना तो पटायला वेळ लागला नाही. दोन गरोदर बायकांनी कामावर जाणं बंद केलं. कोणी म्हणे बीटीचा पाला खाऊन शेळ्या मरतात, तर लेकराचं काय. सासूला तेही चाललं. आरोपी जितके जास्त तितकं बरं.

मी सगळ्यांना ठणकावून सांगत होते की ताप चढला की काही लेकरांना झटके येतात आणि पाच वर्षांची झाली की जातात. पुस्तकात तसंच आहे. मला ते पाठ होतं, आणि ते खरं असण्याची मला गरजही होती.

पण झटके थांबेनात. महिन्यातून एकदा, मग दोनदा. कधी तापात, कधी ताप नसताना. एकदा उन्हाळ्यात गृहभेटीला गेले तर दाराच्या चौकटीला एक लांब सुतळी टांगलेली दिसली. तिला गाठीच गाठी, आणि मधल्या काही गाठींना रंगीत दोऱ्यांची टोकं. कुठल्या तरी बाबानं दिलेलं असणार असं धरून मी मुलीच्या आईला झापलं. दवाखाना सोडून आता गंडेदोरे सुरू केले का, म्हटलं.

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "गंडा नाही बाई. ध्यानात राहावं म्हणून बांधलं."

मग हात धुऊन तिनं मला ती सुतळी वाचून दाखवली. रोज एक गाठ. ज्या दिवशी झटका आला त्या दिवसाच्या गाठीला दोरा. तापात आला तर लाल, काही कारण नसताना आला तर निळा, आंघोळीनंतर आला तर पिवळा. झटका लांबला तर दोरा दुहेरी. अंगाच्या डाव्या बाजूला आला तर दोऱ्याचं टोक डावीकडं सोडायचं, उजव्या बाजूला आला तर उजवीकडं. लाल आणि पिवळे दोरे प्लॉटवरून आणलेले. निळा तिथं वापरत नसत, तो शिलाईवाल्या चाचांनी दिला होता. चाचा दर बाजाराच्या दिवशी तिला विचारायचे, "बेटी, इस हफ्ते कितने लगे?" आणि एकही लागला नाही असं तिनं सांगितलं की मशीन थांबवून वर बघायचे.

तिला मला पिवळे दोरे दाखवायचे होते. आजी नातीला रोज तेल रगडून कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, अंग लाल होईपर्यंत, आणि वर धुरी. आमच्याकडं लेकराला तसंच न्हाऊ घालतात. पाणी कोमट ठेवलं तर आजीला नीट येत नाही म्हणतात. सुनेनं पाणी जरा निवू द्या म्हटल्यावर सासूनं ऐकवलं होतं की मी पाच लेकरं न्हाऊ घातली, एकही वाकडं निघालं नाही. ती मला विचारत होती की बाई, कढत पाण्यानं झटका येतो का.

मी म्हटलं, आंघोळीनं कुठं झटके येत असतात? सासूबाईंचं बरोबर आहे, अंग शेकलं तर लेकराला चांगलंच.

म्हणजे मी तिथं चुकले. ती वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवसापासून कामाला जायच्या आधी, दिवस उगवायच्या आत, तिनं मुलीला स्वतः साध्या पाण्यानं आंघोळ घालायला सुरुवात केली. सासू उठेपर्यंत मुलगी न्हाऊन-पुसून तयार. पुढच्या दोन महिन्यांत सुतळीवर पिवळा दोरा आला नाही.

मुलगी दीड वर्षाची झाली तरी उभी राहत नव्हती. मी त्यांना एका मोठ्या गावातल्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी झटक्यांवरची गोळी दिली. झटके वाढले म्हणून डोस वाढवला. आणखी वाढले म्हणून आणखी वाढवला. मी प्रत्येक वेळी सांगत होते की गोळी लागू पडायला वेळ लागतो, धीर धर. एका दुपारी ती सुतळी हाताला गुंडाळून उपकेंद्रावर आली आणि माझ्या टेबलावर उलगडून ठेवली.

"वाढवल्यावर वाढले बाई. इथं पाहा. अन् इथं पाहा."

जिथं गोळी सुरू झाली तिथून दोरे दाट झालेले. डोस वाढला तिथून आणखी दाट. मी माझं गृहभेटीचं रजिस्टर काढलं आणि त्यातल्या तारखांशी तिच्या गाठी ताडून पाहिल्या. एका दिवसाचाही फरक नव्हता. माझ्याच दोन नोंदी चुकलेल्या निघाल्या. मी नंतर आठवून लिहिलेल्या होत्या. मी औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. सोबत येते म्हटलं. एरवी मी असं करत नाही.

हंगाम ऐन भरात होता. त्या साली पावसानं दोनदा ओढ दिली होती, त्यांचा कोरडवाहू कापूस गुडघ्याच्या वर गेलाच नाही, आणि घर तिच्या प्लॉटच्या कामावर चालू होतं. मुकादमानं सांगितलं की तीन दिवस गेली तर तुझ्या ओळी दुसरीला देईन. ती म्हणाली, दे. पिशवीत मुलीचे कपडे नवऱ्यानं भरले.

तिथल्या मेंदूच्या डॉक्टर वयानं माझ्याहून लहान होत्या. बाहेर रांग होती. मी माझी चिठ्ठी पुढं केली, त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली. मग आईनं सुतळी काढली. टेबल पुरेना, तेव्हा एक टोक नवऱ्यानं धरलं. डॉक्टरांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग सुतळीकडं, मग खुर्ची पुढं ओढली.

त्या एकेक रंग विचारत गेल्या आणि ही सांगत गेली. टोकं दोन्हीकडं का सोडलीत असं त्यांनी विचारलं. हिनं सांगितलं की झटका कधी डाव्या अंगाला येतो, कधी उजव्या. डॉक्टर थांबल्या. शेजारच्या खोलीतून दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांना म्हणाल्या, "सहा महिन्यांची असताना ताप आला, त्यात पहिला झटका, तोही लांबलेला. मग गरम पाण्यानं. कधी ही बाजू, कधी ती. काय वाटतं?" ते दोघं इंग्रजीत काही बोलले. डॉक्टरांनी मान हलवली आणि दाट दोऱ्यांवर बोट ठेवून इथं काय झालं असं विचारलं. हिनं गोळीची पट्टी पुढं केली.

ही गोळी इतरांना चालते, या मुलीला नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती कमी करत बंद करायची आणि दुसरी दोन औषधं लगेच सुरू. मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. मेंदूच्या पेशींना बारीक दारं असतात, त्यांतून मिठातला एक क्षार आत-बाहेर करतो. ही दारं कशी बनवायची याची कृती प्रत्येकाच्या शरीरात दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. या मुलीच्या एका प्रतीत बिघाड असावा, म्हणून दारं निम्मीच तयार होतात. मेंदूला लगाम घालणाऱ्या पेशींनाच ती कमी पडतात आणि झटका सुटतो. आधीची गोळी उरलेली दारंही बंद करत होती.

नवरा पुढं सरकला. त्यानं विचारलं, "बीटीमुळं तं नाही ना मॅडम? आमच्या घरात सरकीच्या ढेपीवरच्या म्हशीचं दूध असते." डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला आवडलं. नाही म्हणाल्या, आणि ना आईच्या कामामुळं. लसीचं मी विचारलं. लसीनं ताप आला, तापानं झटका वर आणला. लस नसती तर सर्दीच्या तापानं आणला असता, महिना-दोन महिन्यांनी. माझ्या खांद्यावरून काय उतरलं ते मी तिथं दाखवलं नाही, रांगेतल्या पुढच्या माणसाला आत यायचं होतं.

खात्रीसाठी तिघांचं रक्त घेतलं. ते दूर पाठवायचं होतं. तिथं या आजारावर काम करणारे लोक तपासणी करून देणार होते. निकाल यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत नव्या औषधांवर दोरे विरळ होत गेले. पण घरात सासूचं एकच चालू होतं: आता रक्तच सांगेल कोणाकडून आलं. तिच्या मनात सुनेचं माहेर ठरलेलंच होतं. सुनेचा एक मामा लहानपणी फेफऱ्यानं गेला होता म्हणे. निकाल ऐकायला ती स्वतः आली, नवी इरकल नेसून. आमच्याबरोबर बसमध्ये चार तास ताठ बसून होती.

डॉक्टरांनी कागद वाचला. बिघाड मुलीत सापडला होता. आईत नव्हता, बापातही नव्हता. तो मुलीपासूनच सुरू झालेला, अगदी नवा.

"म्हंजे कोणाकडूनच नाही?" सासू म्हणाली. "मंग आला कुठून?"

डॉक्टर पुन्हा समजावायला लागणार, तोच सून बोलली. मी तिला सासूपुढं एवढं बोलताना त्या आधी ऐकलं नव्हतं.

"आत्याबाई, आपण प्लॉटवर बी सीलबंद थैलीतलं लावतो. नरही खात्रीचा, मादीही खात्रीची. तरी ओळीत एखादं झाड अलग पानाचं निघतेच ना? थैलीचा दोष असते का त्यात, का लावणारीचा?"

सासूनंही चाळीस हंगाम शेतात घालवलेले. तिला ते कळलं. पण हार मानायची नव्हती.

"तसं झाड उपटून फेकतो आपण."

मुलगी आईच्या मांडीवर डॉक्टरांचं पेन चोखत होती.

"तिथं मुकादम सांगते म्हणून उपटतो," सून म्हणाली. "इथं कोणी मुकादम नाही."

एवढंच बोलून ती डॉक्टरांकडं वळली आणि पुढच्या लेकराला हे होईल का असं तिनं विचारलं. शक्यता थोडी आहे, पण शून्य नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. बाहेरून निरोगी असलेल्या आई-बापाच्या बीजात कधी कधी असा बिघाड दडलेला असतो. हिनं मान हलवली. दुसरं मूल तिनं चार वर्षांनी, नीट विचार करून होऊ दिलं, आणि ती धाकटी ठणठणीत आहे.

परतीच्या बसमध्ये सासू माझ्या शेजारी बसली. देऊळगाव राजा आलं. मग तिनं विचारलं की ते कढत पाण्याचं खरं आहे का. मी हो म्हटलं.

"मंग तू तवा काऊन नाही बोलली?"

मलाच माहीत नव्हतं, म्हटलं.

"अन् म्हणे नर्स," ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. मला ते लागलं नाही, कारण त्यात काही खोटं नव्हतं.

यापुढं सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. मुलगी बरी झाली नाही, हा आजार बरा होत नाही. चालायला उशिरा लागली, पावलं फाकवून चालते, थोडे शब्द बोलते. लांबलेला झटका हाच तिचा खरा धोका, त्यात जीव जाऊ शकतो हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा आईनं आयुष्याची एकच गोष्ट ठरवली: झटका पाच मिनिटांच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी नाकात मारायचा एक स्प्रे मिळतो. तो कसा मारायचा हे ती स्वतः शिकली, मग नवऱ्याला शिकवलं, अंगणवाडीच्या बाईला, शेजारच्या दोन घरांना. ताप आला की काय करायचं, उन्हात किती वेळ थांबायचं, हे तिनं घराला लावून दिलं. गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली त्या साली तिचा नवरा हाती लागेल तेवढा कापूस वेचून मोकळा झाला आणि कामासाठी महिनाभर बाहेरगावी गेला. निघताना त्यानं मला एकच विचारलं, स्प्रेची मुदत कधी संपते.

परवाच्या मे महिन्यात गावातल्या एका लग्नाला मी गेले होते. माझी बदली होऊन बरीच वर्षं झालीत, पण बोलावतात. मुहूर्त भर दुपारचा. मांडवात पंखे होते, पण वारा सगळा गरम. मुलगी आता चौदा-पंधरा वर्षांची, आईच्या उंचीला आलेली. अक्षता पडायच्या थोडं आधी तिचे डोळे एका बाजूला गेले आणि ती खुर्चीवरून घसरली.

आईनं तिला खाली पडू न देता सतरंजीवर घेतलं आणि कुशीवर वळवलं. पदर भिजवून मानेला लावला. लोक धावले. कोणी कांदा आणा म्हणालं, कोणी पायातली चप्पल काढून नाकाशी धरायला पुढं झालं. तेवढ्यात सासू उठली. पंच्याहत्तरीची बाई, हातात काठी. तिनं ती काठी आडवी धरली आणि सगळ्यांना मागं रेटलं.

"सरका. वारा येऊ द्या. तिची माय पाहून राह्यली ना."

मग मनगटावरच्या घड्याळात बघून ती मोठ्यानं मिनिटं सांगायला लागली. ते घड्याळ तिनं या कामासाठीच घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. एक. सुनेनं पिशवीतून स्प्रे काढून टोपण उघडलं. दोन. मी वाकले, पण मला करण्यासारखं काही शिल्लक नव्हतं, म्हणून मी लोकांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तीन. साडेतीनला हात सैल पडला, श्वास लांब झाला, झटका आपोआप थांबला. आईनं अर्धं मिनिट आणखी वाट पाहिली, मग टोपण लावलं.

मुलीला सावलीच्या खोलीत निजवलं. आजी तिच्या उशाशी बसली आणि आम्हाला जा म्हणाली. बाहेर अक्षता पडून गेल्या होत्या, दुसरी पंगत बसत होती.

"चला बाई," मुलीची आई मला म्हणाली, "वरण थंड होते." आम्ही दोघी जागा बघून बसलो. ती पोटभर जेवली.